विज्ञानशिक्षिका मादाम क्यूरी

रेडियम या अद्‌भुत मूलद्रव्याचा शोध लावणाऱ्या थोर शास्त्रज्ञ म्हणून मादाम क्यूरी यांची कीर्ती साऱ्या जगात पसरली आहे. नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री म्हणून आणि दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत ते मिळवणारी एकमेव व्यक्ती म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु कीर्तीचे हे शिखर गाठण्यापूर्वी, मुलींच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवता यावे यासाठी त्यांनी कसून अभ्यास केला होता आणि एक कठीण परीक्षा दिली होती. पुढे अशा शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याचे कामही त्यांनी काही वर्षे केले. ही हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते. पण ती जाणून घेण्यासारखी आहे.

मादाम क्यूरी यांचे माहेरचे नाव मारी स्क्लोदोव्स्का. ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंड देशातील वॉर्सा या नगरात तिचा जन्म झाला. घरी तिला लाडाने मान्या म्हणत. शिक्षकाचा पेशा त्या घरात जणू वारशानेच चालत आला होता. आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि वडील माध्यमिक शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. वडिलांच्या अभ्यासिकेत काचेचे एक कपाट होते. त्यात काचेच्या नळ्या, लहानसे तराजू, खनिजांचे नमुने आणि सोन्याच्या वर्खाचा विद्युद्दर्शक अशा वस्तू मांडून ठेवलेल्या होत्या. छोटी मान्या कपाटापुढे उभी राहून त्यांच्याकडे टक लावून पाही. ती पदार्थविज्ञानाची उपकरणे आहेत, एवढे वडिलांनी तिला सांगितले होते. पूर्वी ती उपकरणे ते वर्गात नेऊन विद्यार्थ्यांना प्रयोग करून दाखवीत. परंतु आता ती कपाटाबाहेर निघत नसत.

याचे कारण त्या काळच्या परिस्थितीत होते. पोलंडचा तो भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. परकीय राज्यकर्त्यांना सुशिक्षित व स्वाभिमानी प्रजा नको होती. शाळांतून पोलिश भाषेत शिकवण्यास बंदी होती आणि विज्ञानाच्या तासांनाही त्यांनी कात्री लावली होती. मान्याच्या वडिलांची अधिकाराची जागा सरकारने १८७३ साली काढून घेतली. मिळकत घटल्यामुळे त्यांना विद्यार्थ्यांना घरात ठेवून घेऊन प्रपंच चालवावा लागला. त्यातच १८७६ साली मान्याची थोरली बहीण टायफसच्या तापाने गेली आणि दोन वर्षांनी आईही क्षयाने निवर्तली. मान्या तेव्हा अवघी दहा वर्षांची होती.

ती ज्या शाळेत जात असे, तेथील शिक्षिका मोठ्या धैर्याच्या होत्या. पोलंडचा इतिहास त्या मुलींना गुपचूप पोलिश भाषेतच शिकवीत. रशियन तपासनीस येत असल्याची सूचक घंटा वाजली, की मुली पुस्तके लपवीत आणि हातात शिवणकाम घेऊन निमूटपणे बसत. तपासनिसाच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी शिक्षिका बहुधा मान्यालाच उभी करीत. कारण तिला सर्व काही येत असे आणि तिची रशियन भाषाही उत्तम होती. झारच्या घराण्यातील राजांची नावे ती बिनचूक म्हणून दाखवी. मात्र तपासनीस निघून गेल्यावर तिचा संयम सुटे आणि तिला रडू कोसळे. ज्ञान मिळवणे आणि ज्ञान देणे हे किती जोखमीचे काम असू शकते, हे तिला त्या कोवळ्या वयातच उमगले.

१८८३ साली सुवर्णपदक मिळवून मान्याने शालेय शिक्षण पूर्ण केले. परंतु पुढची वाट बंद होती. वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. शिकण्याची इच्छा असलेल्या तरुणतरुणी तेव्हा गुप्तपणे एकमेकांच्या घरी जमत आणि अभ्यासवर्ग चालवीत. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून हे वर्ग आज एका घरी, तर उद्या दुसऱ्या घरी भरत. त्यामुळे लोक त्यांना फिरते विद्यापीठ म्हणत. मान्या आणि तिची थोरली बहीण ब्रॉन्या या दोघीही तेथे जात असत.

ब्रॉन्याला पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे होते. पण जवळ पैसा नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी आपसांत एक करार केला. आधी ब्रॉन्याने पॅरिसला जावे, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत, आणि ब्रॉन्या शिकून स्थिर झाली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. त्याप्रमाणे १८८६ च्या आरंभी, वयाच्या अठराव्या वर्षी, मान्या श्चुकी नावाच्या दूरच्या खेड्यात एका सधन कुटुंबाच्या मुलांची घरशिक्षिका म्हणून राहिली. दिवसाचे नेमून दिलेले काम संपले, की ती गावातील शेतकऱ्यांच्या निरक्षर मुलांना जमवून पोलिश लिहावाचावयास शिकवी. हे उघडकीस आले असते, तर कडक शिक्षा भोगावी लागली असती. रात्री सारे निजले, की ती स्वतःचा अभ्यास करी. गणिताची उदाहरणे सोडवून ती वडिलांना टपालाने पाठवी आणि वडील ती तपासून परत धाडीत. तीन वर्षे असा क्रम चालला. कोणता विषय आपला, हे ठरवायलाही तिला वेळ लागला. अखेरीस गणित आणि पदार्थविज्ञान यांवर तिचे मन जडले.

वॉर्साला परतल्यावर तिच्या आयुष्यात एक महत्त्वाची घटना घडली. तिचा एक चुलत नातलग एका संग्रहालयाच्या नावाखाली लहानशी प्रयोगशाळा चालवीत असे. संध्याकाळी आणि रविवारी मान्या तेथे एकटीच जाऊ लागली. पुस्तकात वाचलेले प्रयोग ती स्वतःच्या हातांनी करून पाही. कधी अनपेक्षित यश मिळे, तर कधी अननुभवामुळे सारा खटाटोप वाया जाई. परंतु जी उपकरणे तिने आजवर काचेआडून पाहिली होती, तशी उपकरणे आता तिच्या हातांत आली होती. पुस्तकातील वाक्य पाठ करणे वेगळे आणि त्या वाक्याची सत्यता निसर्गाकडून वदवून घेणे वेगळे, हा भेद तिला येथे कळला. प्रयोगाची जी गोडी तिला येथे लागली, ती जन्मभर टिकली.

नोव्हेंबर १८९१ मध्ये मान्या पॅरिसला पोहोचली आणि सॉर्बॉन या विख्यात विद्यापीठात तिने मारी या नावाने प्रवेश घेतला. शिक्षण पुरे करून मायदेशी परतावे, वडिलांजवळ राहावे आणि शिक्षिका व्हावे, हाच तेव्हा तिचा मनोदय होता. पहिल्या काही दिवसांतच तिला आपल्या उणिवा दिसून आल्या. प्राध्यापकांचे भरभर चाललेले फ्रेंच तिला पुरते समजेना. एकटीने केलेल्या अभ्यासात ठिकठिकाणी खिंडारे राहून गेली होती. फ्रेंच विद्यार्थ्यांचा गणिताचा पाया तिच्याहून पक्का होता. पण ती खचली नाही. जे येत नाही ते मुळापासून शिकावयाचे, असा निश्चय करून ती कामाला लागली.

विद्यापीठाजवळ राहता यावे म्हणून तिने एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, छपराखालची लहानशी खोली भाड्याने घेतली. हिवाळ्यात तेथे एवढी थंडी पडे की भांड्यातील पाणी रात्रीतून गोठून जाई. पांघरूण पुरेना, तेव्हा ती आपले सारे कपडे अंगावर रचून झोपी जाई. कित्येकदा पाव आणि चहा एवढ्यावरच दिवस निघे. एकदा तर उपासमारीने तिला घेरी आली. अशा स्थितीत तिने १८९३ साली पदार्थविज्ञानाची पदवीपरीक्षा दिली आणि तीत ती पहिली आली. त्यानंतर पोलंडमधून मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर १८९४ साली गणिताच्या पदवीपरीक्षेत तिने दुसरा क्रमांक पटकावला. पुढे स्वतःची कमाई सुरू होताच तिने शिष्यवृत्तीची ती सारी रक्कम परत केली. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला ती मिळावी, असे तिला वाटे.

त्याच वर्षी तिची पिएर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाशी ओळख झाली. पिएर हेही अध्यापकच होते. २६ जुलै १८९५ रोजी दोघांचा विवाह झाला आणि मारी स्क्लोदोव्स्का मादाम क्यूरी झाल्या. पिएर यांचा पगार बेताचा होता. आपणही संसाराला हातभार लावावा आणि शिकवण्याचा रीतसर अधिकार मिळवावा, असे मादाम क्यूरी यांनी ठरवले. मुलींच्या माध्यमिक शाळांतील अध्यापिका निवडण्यासाठी फ्रान्समध्ये आग्रेगास्यों नावाची एक चुरशीची परीक्षा घेतली जाई. नुसते पुस्तकी ज्ञान तेथे पुरेसे नसे. उमेदवाराला लेखी उत्तरांबरोबरच परीक्षकांसमोर पाठही द्यावा लागे. आपल्याला एखादी गोष्ट समजणे आणि ती दुसऱ्याला समजेल अशा रीतीने मांडणे, या दोन्ही गोष्टींची तेथे कसोटी लागे. विद्यापीठाच्या दोन पदव्या मिळवलेल्या मादाम क्यूरी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. घरकाम आणि प्रयोगशाळेतील काम सांभाळून त्यांनी वर्षभर अभ्यास केला. १८९६ साली परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा त्यांचे नाव पहिल्या क्रमांकावर होते.

यानंतरची कथा सर्वश्रुत आहे. १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी पोलोनियम व रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. त्यांतील पहिल्याला मादाम क्यूरी यांनी आपल्या परतंत्र मातृभूमीचे नाव दिले. परंतु रेडियम प्रत्यक्ष वेगळे काढून दाखवल्याशिवाय जगाची खात्री पटणार नव्हती. म्हणून एका गळक्या, पडक्या छपरीत त्यांनी कित्येक टन खनिज उकळले, ढवळले आणि गाळले. चार वर्षांच्या कष्टांनंतर, १९०२ साली, सुमारे एकदशांश ग्रॅम शुद्ध रेडियमक्षार त्यांच्या हाती आला.

हा महायज्ञ चालू असतानाच, १९०० साली, मादाम क्यूरी यांनी सेव्र येथील अध्यापिका विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम पत्करले. पॅरिसजवळच्या या विद्यालयात माध्यमिक शाळांच्या भावी शिक्षिका तयार होत असत. स्वतः ज्या परीक्षेतून त्या गेल्या होत्या, तिच्यासाठी आता त्या इतर तरुणींना तयार करू लागल्या. संशोधनातून वेळ काढून त्या ट्रामने सेव्रला जात, पाठांची तयारी मन लावून करीत आणि गृहपाठाच्या वह्यांचे ढीग तपासत.

तेथील शिकवण्याची रीत त्यांनी बदलली. तोवर पदार्थविज्ञानाच्या वर्गात मुख्यतः व्याख्याने होत आणि मुली ती लिहून घेत. उद्या ज्यांना वर्गापुढे उभे राहून शिकवायचे आहे, त्यांनी आज स्वतः प्रयोग केलेच पाहिजेत, असा मादाम क्यूरी यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी प्रयोगांना अभ्यासात मानाचे स्थान दिले. काही उपकरणे त्या स्वतःच जुळवीत आणि मुलींना हाताळू देत. पदार्थविज्ञानाला गणिताची जोड हवी, म्हणून त्यांनी वरच्या प्रतीचे गणितही मुलींना शिकवले. त्यांचा स्वभाव अबोल होता, आवाज हळू होता. परंतु त्यांच्या शिकवण्यातील स्वच्छपणा आणि तळमळ मुलींच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. जून १९०३ मध्ये मादाम क्यूरी डॉक्टरेटसाठी परीक्षकांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्या बाईंची परीक्षा पाहण्यासाठी सेव्रच्या विद्यार्थिनी आवर्जून हजर होत्या. त्याच वर्षी क्यूरी पतिपत्नींना बेकरेल यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही सेव्रचे पाठ त्यांनी सोडले नाहीत.

१९ एप्रिल १९०६ रोजी मादाम क्यूरी यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. रस्त्यात घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. पदरी दोन लहान मुली होत्या. थोरली इरेन आठ वर्षांची आणि धाकटी ईव्ह दीड वर्षाचीही नव्हती. सॉर्बॉन विद्यापीठाने पिएर यांच्या अध्यापनाची जबाबदारी मादाम क्यूरी यांच्याकडे सोपवली. त्या विद्यापीठात एखाद्या स्त्रीने शिकवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ५ नोव्हेंबर १९०६ रोजी सभागृह श्रोत्यांनी खच्चून भरले होते. त्या काहीतरी हृदयद्रावक बोलतील, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु मादाम क्यूरी आल्या आणि पिएर यांनी विषय जेथे सोडला होता, नेमक्या तेथूनच त्यांनी पुढे शिकवण्यास प्रारंभ केला. स्वतःच्या दुःखाविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. अनेकांचे डोळे मात्र पाणावले.

याच सुमारास त्यांनी शिक्षणाचा एक आगळा प्रयोग केला. त्या काळी शाळांत मुले बंदिस्त खोल्यांत फार वेळ डांबून ठेवली जातात, असे त्यांना वाटे. त्यांचे स्नेही झां पेरँ, पॉल लांजव्हँ इत्यादी शास्त्रज्ञांचेही मत तसेच होते. तेव्हा या मित्रमंडळींनी ठरवले, की आपल्या मुलांना आपणच पाळीपाळीने शिकवावे. सुमारे दहा मुलांचा हा वर्ग १९०७ च्या सुमारास सुरू झाला. कोणी रसायनशास्त्र शिकवी, कोणी गणित, तर कोणी भाषा. पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम अर्थातच मादाम क्यूरी यांच्याकडे आले.

त्यांचे पाठ कसे असत? एका पाठात त्यांनी मुलांपुढे वरवर रिकामी दिसणारी बाटली ठेवली आणि तिच्यात काय आहे, हे शोधण्यास सांगितले. बाटली पालथी करून पाण्यात बुडवली, तर पाणी आत शिरत नाही. तिरपी केली, तर बुडबुडे बाहेर पडतात आणि मग पाणी आत येते. बाटलीत हवा होती, हे अशा रीतीने मुलांनी स्वतःच ओळखले. दुसऱ्या एका पाठात मुलांनी सायकलच्या चाकातील पोलादी गोळ्या शाईत बुडवल्या आणि त्या उतरत्या फळीवर सोडल्या. गोळ्यांच्या वाटेची वक्र रेषा शाईने फळीवर उमटली आणि पडणाऱ्या वस्तूच्या गतीचा नियम मुलांना डोळ्यांनी पाहावयास मिळाला.

एकदा त्यांनी विचारले, की भांड्यातील ऊन पाणी ऊनच राहावे यासाठी काय करावे. मुले हुशार होती. कोणी भांड्याभोवती लोकर गुंडाळण्याची युक्ती सुचवली, कोणी त्याहूनही अवघड उपाय सांगितले. सर्वांचे ऐकून घेतल्यावर मादाम क्यूरी हसल्या आणि म्हणाल्या, की आपण तर आधी भांड्यावर झाकण ठेवू. मोठमोठ्या कल्पनांच्या मागे लागण्यापूर्वी समोरची साधी गोष्ट पाहावी, हा धडा मुलांना त्या एका उत्तरातून मिळाला. शिस्तीच्या बाबतीत मात्र त्या कठोर होत्या. प्रयोग करताना टेबल घाण करणे त्यांना मुळीच खपत नसे. नंतर पुसून टाकू, असे कोणी म्हटलेले त्यांना चालत नसे. प्रयोग चालू असतानाच टेबल स्वच्छ राहिले पाहिजे, असे त्या बजावीत. गणितात चूक होऊ नये म्हणून घाई टाळावी, असेही त्या सांगत. हा वर्ग सुमारे दोन वर्षे चालला. त्यातील एका मुलीने काढून ठेवलेली टिपणे पुढे २००३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणूनच त्या पाठांची ओळख आज आपल्याला होऊ शकते.

१९११ साली मादाम क्यूरी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा क्ष-किरणांची यंत्रे मोटारगाड्यांत बसवून त्यांनी ती जखमी सैनिकांच्या सेवेसाठी युद्धभूमीजवळ नेली. परंतु यंत्रे चालवणारी माणसे कोठून आणावयाची? तेव्हा त्यांच्यातील शिक्षिका पुन्हा पुढे आली. १९१६ पासून त्यांनी सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवले. त्यांतील काहींचे शिक्षण अगदी बेताचे होते. तथापि काम समजून घेऊन हाताने करण्याची संधी मिळताच त्या तयार झाल्या आणि त्यांच्यामुळे असंख्य सैनिकांच्या शरीरातील गोळ्या व मोडलेली हाडे नेमकी कोठे आहेत, हे शल्यवैद्यांना कळू शकले.

किरणोत्सारी द्रव्यांच्या दीर्घ सहवासाने मादाम क्यूरी यांची प्रकृती पोखरून निघाली होती. ४ जुलै १९३४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढच्याच वर्षी त्यांची कन्या इरेन हिला, पती फ्रेडरिक जोलिओ यांच्यासमवेत, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांच्या त्या छोट्या वर्गातील फ्रान्सिस पेरँ पुढे नामवंत पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ झाला. सेव्रची त्यांची विद्यार्थिनी युजेनी फेतीस हीदेखील शास्त्रज्ञ झाली आणि १९३६ साली त्याच अध्यापिका विद्यालयाची संचालिका झाली.

रेडियमचा प्रकाश अंधारात दिसतो. पण चांगल्या शिक्षकाने लावलेली ज्योत एका मनातून दुसऱ्या मनात जाते आणि म्हणून ती दीर्घकाळ तेवत राहते. विज्ञान हे पाठ करण्याचे शास्त्र नसून पाहण्याचे, करण्याचे आणि पडताळण्याचे शास्त्र आहे, ही शिकवण मादाम क्यूरी यांनी आधी स्वतः अंगी बाणवली आणि मगच इतरांना दिली. ज्याला दुसऱ्यास शिकवावयाचे असेल, त्याने आधी मनापासून विद्यार्थी झाले पाहिजे, हेच त्यांचे जीवन आपल्याला सांगते.